कुत्र्याच्या अंगावर गाठ आढळली तर : हाताला लागल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत

कुत्र्याला अंघोळ घालताना किंवा गोचीड काढताना बोटाखाली गाठ लागली की घरात लगेच दोन तट पडतात. एकाला कर्करोगाखेरीज दुसरे काही सुचत नाही, तर दुसरा ‘वय झाले की चरबीच्या गाठी येतातच’ असे म्हणून विषय मिटवतो. दोघांचेही बोलणे अंदाजावर चाललेले असते. आमच्या लॅब्रॅडॉर मादीच्या, राणीच्या, अंगावर उतारवयात अशा गाठी येत राहिल्या. त्यांतल्या बहुतेक खरोखरच चरबीच्या निघाल्या, पण तशीच मऊ आणि तशीच निरुपद्रवी वाटणारी एक गाठ मास्ट सेल ट्यूमरची, म्हणजे कर्करोगाची निघाली. या सगळ्यात आम्ही जे शिकलो ते क्रमाने मांडावे, म्हणजे पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्यांचा गोंधळ थोडा कमी होईल, एवढ्यासाठी हा लेख आहे. मी पशुवैद्य नाही. निदान आणि औषध हे पशुवैद्यांचेच काम आहे, पण त्यांच्यापर्यंत कधी जायचे, काय घेऊन जायचे आणि काय विचारायचे, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आरंभीच सांगतो. गाठ कशाची आहे हे हाताने चाचपून ठरत नाही. अनुभवी पशुवैद्यालाही ते खात्रीने ठरवता येत नाही. सुईने पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कापाकापीही करू नये आणि ‘काही नाही’ म्हणून सोडूनही देऊ नये.

१. ही गाठच आहे ना, हे आधी पाहा

काही वेळा गाठ म्हणून जे सापडते ते कुत्र्याच्या शरीराचा नेहमीचाच भाग असतो. पोटावर दोन रांगांत मिळून साधारण आठ ते दहा स्तनाग्रे असतात आणि ती नरालाही असतात, हे अनेकांना माहीत नसते. गोचीड समजून चिमट्याने स्तनाग्र ओढण्याचे प्रकार घडतात आणि त्यात बिचाऱ्या जनावराला जखम होते. गोचीड असेल तर केस बाजूला सारून, उजेडात नीट पाहिल्यावर तिचे पाय दिसतात. स्तनाग्र मात्र दुसऱ्या बाजूच्या स्तनाग्राच्या जवळपास समोर असते.

छातीच्या खालच्या टोकाला, बरगड्या जिथे मिळतात तिथे, कूर्चेचे एक लहान टोक हाताला लागते. डोक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो आणि काही जातींत तो चांगलाच ठळक असतो. नर उत्तेजित झाल्यावर शिश्नाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गोळे आल्यासारखे दिसते, ते थोड्या वेळाने आपोआप उतरते. अशा वेळी शरीराची दुसरी बाजू चाचपून पाहावी. दोन्हीकडे अगदी सारखेच लागले तर ती बहुधा शरीराची रचना असते. याला एक मोठा अपवाद आहे. जबड्याखाली, खांद्यापुढे किंवा गुडघ्यामागे दोन्हीकडे सारख्याच गाठी वाढलेल्या असतील तर त्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या शरीरातल्या लहान ग्रंथी) असू शकतात. त्यांच्याविषयी पुढे सांगितले आहे.

२. घाई किती करायची, हे ठरवा

पुढील परिस्थितीत नोंदी, फोटो वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोंड किंवा मान अचानक सुजली असेल (मधमाशी, गांधीलमाशी किंवा साप चावल्याची शक्यता असते), गाठ फुटून रक्त थांबत नसेल, गाठीत अळ्या दिसत असतील, श्वास घेताना किंवा गिळताना त्रास होत असेल, पिल्लांना पाजणाऱ्या मादीचा स्तन लाल, गरम आणि कडक झाला असेल, अथवा बेंबीजवळ किंवा जांघेत आलेला गोळा दुखू लागला असेल आणि कुत्रा उलट्या करत असेल, तर वाट पाहू नये. शेवटच्या प्रकारात आतडे हर्नियात अडकलेले असू शकते. अळ्या पडल्या असतील तर रॉकेल किंवा फिनाइल ओतण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याने अळ्यांबरोबर जिवंत मांसही जळते आणि चाटल्यामुळे विष पोटात जाते.

एरवीच्या गाठींसाठी पशुवैद्यक क्षेत्रात एक सोपा नियम रूढ आहे : गाठ एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल, अथवा महिनाभर टिकून राहिली असेल, तर सुईने नमुना घ्यावा. एक सेंटीमीटर म्हणजे साधारण वाटाण्याच्या मोठ्या दाण्याएवढी. या मापात न बसणारी गाठही काही दिवसांत वाढत असेल, रंग बदलत असेल, खालच्या मांसाला किंवा हाडाला चिकटलेली वाटत असेल, किंवा कुत्रा तिला सारखे चाटत असेल, तर महिना पुरा होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. लहान-मोठी होत राहणारी गाठ तर विशेष संशयास्पद समजावी. ‘कमी झाली, म्हणजे बरी होत आहे’ असे आपल्याला वाटते, पण मास्ट सेल ट्यूमर नेमका असाच वागतो.

लस टोचल्यावर त्या जागी आलेली छोटी, घट्ट गाठ साधारणतः काही आठवड्यांत जिरते. तीसुद्धा वाढत राहिली किंवा तीन महिन्यांनंतरही टिकली तर दाखवावी.

३. मोजा, फोटो काढा, लिहून ठेवा

यासाठी लागणारे साहित्य घरातच असते : प्लास्टिकची पट्टी, वही, मोबाइल आणि धरायला दुसरा माणूस. गाठीशेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा आणि तारीख टाकावी. ‘रुपयाएवढी’ किंवा ‘सुपारीएवढी’ असे लिहू नये, कारण सुपाऱ्या सारख्या नसतात आणि रुपयाचे नाणेही गेल्या काही दशकांत लहान होत आले आहे. कुत्र्याची एक ढोबळ आकृती काढून तिच्यावर प्रत्येक गाठीला क्रमांक द्यावा. अंगावर अनेक गाठी असल्या की ही आकृती फार उपयोगी पडते, कारण सहा महिन्यांनी ‘डाव्या बरगडीवरची जुनी की नवी’ हा प्रश्न हमखास निघतो आणि घरातल्या कोणालाच त्याचे उत्तर देता येत नाही.

आकाराबरोबर पुढील गोष्टीही लिहाव्यात : गाठ कातडीतच आहे की कातडीखाली सरकते, मऊ आहे की टणक, वरचे केस गेले आहेत का, दाबल्यावर कुत्रा मान वळवतो का. एवढे पाहण्यासाठी हलका स्पर्श पुरतो. गाठ पिळून पाहू नये. केसतोड समजून पिळल्यास संसर्ग आत पसरतो. ती मास्ट सेलची असली तर पिळल्यामुळे पेशींतून हिस्टामिन हे सूज आणणारे रसायन सुटते आणि गाठ पाहता पाहता लाल होऊन सुजते. तसेच गाठीवर चुना, हळदीचा लेप, तंबाखू, घरातले मलम यांतले काहीही लावू नये आणि चामखिळीला दोरा किंवा केस बांधून ती गळण्याची वाट पाहू नये. हे उपाय सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यांतला एकही उपाय गाठ कशाची आहे हे विचारत नाही.

माणसांच्या गोळ्यांबाबत तर अधिकच जपावे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही आपल्या घरातील नेहमीची औषधे कुत्र्याचे यकृत, मूत्रपिंड किंवा जठर बिघडवू शकतात.

४. दवाखाना निवडताना

दूरध्वनीवरच एक प्रश्न विचारावा : ‘तुमच्याकडे गाठीची एफएनएसी होते का, आणि स्लाइड कोण पाहते?’ एफएनएसी म्हणजे बारीक सुईने पेशी काढून त्यांची तपासणी करणे. काही पशुवैद्य स्वतःच स्लाइड रंगवून प्राथमिक मत देतात आणि मग ती प्रयोगशाळेकडे पाठवतात, काही थेट पाठवतात. दोन्ही चालते. ‘त्याची गरज नाही, सरळ काढूनच टाकू’ किंवा ‘आधी हे इंजेक्शन देऊन पाहू’ असे उत्तर आले तर दुसरा दवाखाना पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खासगी दवाखाना जवळ नसेल किंवा खर्च झेपत नसेल, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हा चांगला पर्याय आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे अशी महाविद्यालये आहेत व अकोल्यात पदव्युत्तर संस्था आहे. १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे महाविद्यालय परळला आहे. त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, ज्याला जुने मुंबईकर अजूनही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. महाविद्यालयांत शस्त्रक्रिया आणि विकृतिशास्त्र असे स्वतंत्र विभाग असतात, हा मोठा फायदा आहे. रांग मात्र मोठी असते, म्हणून सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि कोणत्या वारी कोणता विभाग चालतो याची आधी चौकशी करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. तालुक्यातील किंवा गावातील पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यत्वे गायी-म्हशींसाठी चालत असला तरी तेथील पशुवैद्य कुत्रा तपासतात. मात्र तिथे सुईने नमुना घेऊन तो कोठे पाठवता येईल, हे विचारून घ्यावे.

उपचार करणारी व्यक्ती पशुवैद्यकाची पदवीधर आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणीकृत असावी. श्वानप्रशिक्षक, पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे दुकानदार आणि ‘ब्रीडर’ यांचे सल्ले भरपूर मिळतात, पण गाठीच्या बाबतीत ते बाजूला ठेवावेत.

खर्चाचा अंदाज घेताना तपासणी, सुईचा नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, रक्ततपासणी, एक्स-रे, भूल, शस्त्रक्रिया आणि काढलेल्या गाठीची तपासणी यांचे दर वेगवेगळे विचारावेत. नुसता ‘ऑपरेशनचा खर्च’ विचारला की शेवटची बाब त्यातून बहुधा गळते. विमा असेल तर पॉलिसी काळजीपूर्वक वाचावी. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला आजार सहसा वगळलेला असतो.

५. सोबत काय न्यावे

• लसीकरण पुस्तिका, विशेषतः रेबीजच्या लसीची शेवटची तारीख
• गाठीची नोंदवही आणि फोटो
• जुने रक्त-अहवाल, एक्स-रे आणि केसपेपर
• चालू औषधांची पाकिटे. नावे आठवून सांगण्यापेक्षा पाकीटच दाखवावे
• मादी असेल तर शेवटचा माज कधी आला होता, पिल्ले झाली आहेत का आणि नसबंदी झाली असल्यास कोणत्या वयात, याची माहिती
• तोंडाला बांधायची जाळी आणि मजबूत पट्टा. घरी गरीब असलेला कुत्राही दुखल्यावर चावू शकतो
• विम्याची कागदपत्रे

६. सुईने नमुना घेणे

ही पायरी ऐकायला भीतिदायक वाटते, प्रत्यक्षात ती इंजेक्शन टोचण्याइतकीच असते. नेहमीच्या इंजेक्शनची बारीक सुई गाठीत दोन-तीन दिशांनी फिरवतात, तिच्यात आलेला थेंबभर द्रव काचपट्टीवर पसरवतात आणि वाळवून रंगवतात. कातडीवरच्या गाठीसाठी भूल बहुधा लागत नाही. तुम्ही डोक्याजवळ उभे राहून कुत्र्याशी बोलत राहावे, एवढेच काम असते. चरबीची गाठ असली तर काचपट्टीवर तेलकट थेंब दिसतात आणि ते वाळतच नाहीत, त्यामुळे डॉक्टर तिथल्या तिथे बरेच काही सांगू शकतात. तरीही एकदा स्लाइड पाहून घ्यायला सांगावे.

एकाहून अधिक गाठी असतील तर प्रत्येक गाठीतून वेगळा नमुना घ्यावा आणि काचपट्टीवर तुमच्या आकृतीतला क्रमांक लिहायला लावावा. ‘एक चरबीची निघाली, म्हणजे बाकीच्याही चरबीच्याच’ हे गृहीतक फसवे आहे. राणीच्या अंगावरची मास्ट सेलची गाठ जुन्या चरबीच्या गाठींच्या शेजारीच होती.

इथे तीन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली म्हणजे स्टेरॉइड. खाज किंवा सूज कमी करण्यासाठी प्रेडनिसोलोन सहज दिले जाते. नमुना घेण्याआधी ते सुरू झाले तर लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) किंवा मास्ट सेलची गाठ तात्पुरती आक्रसते आणि निदान अवघड होऊन बसते. स्टेरॉइड आधीच दिले गेले असेल तर ते लपवू नये, तारखेसह सांगावे. शिवाय स्टेरॉइड चालू असताना वेदनाशामक गोळी दिली तर जठरात व्रण होण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट अशी की, ‘पेशी पुरेशा नाहीत’ किंवा ‘फक्त रक्त आढळले’ असा अहवाल म्हणजे गाठ निर्दोष असल्याचा निर्वाळा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की उत्तर मिळालेले नाही. काही गाठी पेशी सहज सोडत नाहीत. अशा वेळी पुन्हा सुई टोचावी किंवा भूल देऊन गाठीचा लहान तुकडा काढावा, म्हणजे बायोप्सी करावी.

तिसरी, सुई टोचल्याने कर्करोग पसरतो अशी भीती घालणारे भेटतात. कातडीवरच्या आणि कातडीखालच्या नेहमीच्या गाठींच्या बाबतीत ही भीती बाळगण्याचे कारण नाही. पोटातल्या काही अवयवांच्या, उदाहरणार्थ मूत्राशयाच्या गाठींबाबत पशुवैद्य स्वतःच वेगळी पद्धत निवडतात.

७. अहवालात कोणती नावे येऊ शकतात

लायपोमा म्हणजे चरबीची गाठ. मध्यम वयापुढच्या, जाड कुत्र्यांत ती विशेष आढळते. ती मऊ असते, कातडीखाली सरकते आणि सहसा दुखत नाही. काखेत किंवा जांघेत वाढून चालण्यात अडथळा आणत नसेल, तर ती काढण्याची घाई नसते. कुत्र्याचे वजन आटोक्यात ठेवावे आणि गाठ नियमितपणे मोजावी. अचानक वाढली किंवा टणक झाली तर पुन्हा सुई.

सिबेशियस सिस्ट हा तैलग्रंथींशी संबंधित प्रकार आहे. आत दह्यासारखा किंवा टूथपेस्टसारखा पांढुरका पदार्थ असतो. म्हातारपणी अंगावर येणारे चामखिळीसारखे मोडही बऱ्याचदा याच ग्रंथींचे असतात. ते फुटून चिघळत असतील तरच काढावे लागतात.

हिस्टिओसायटोमा तीन-चार वर्षांखालच्या कुत्र्यांत, विशेषतः डोके, कान किंवा पायांवर बटणासारखा लालसर उठतो. दिसायला भयंकर असला तरी तो बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो. पिल्लांच्या ओठांवर आणि तोंडात येणाऱ्या फुलकोबीसारख्या चामखिळी विषाणूमुळे होतात. त्याही प्रतिकारशक्ती तयार झाल्यावर गळून पडतात. त्या दुसऱ्या कुत्र्यांना लागतात, माणसांना नाही.

गळू म्हणजे पू भरलेली, गरम आणि दुखरी गाठ. आपल्याकडे पावसाळा संपला की गवताची कुसळे बोटांच्या बेचक्यात घुसतात आणि तिथे गळू होते. पायाला जखम झाली की त्या बाजूची लसिकाग्रंथी सुजते, माणसांना अवधाण येते तसेच. कुसळ आत राहिले तर प्रतिजैविके संपताच गळू पुन्हा येते, म्हणून एकाच बेचक्यात वारंवार गळू होत असेल तर आत काही अडकले आहे का, हे पाहायला सांगावे. कान झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साचते आणि पाळी फुग्यासारखी होते. तो कर्करोग नव्हे, पण कानातला संसर्ग बरा केल्याशिवाय तो प्रश्न सुटत नाही.

मास्ट सेल ट्यूमर हा कुत्र्यांच्या कातडीचा सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे. बॉक्सर, पग, लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींत तो जास्त दिसतो. त्याला ठरावीक रूप नाही. तो चामखिळीसारखा दिसेल, डास चावल्यासारखा दिसेल किंवा चरबीच्या गाठीसारखा मऊ असेल. समाधानाची गोष्ट अशी की सुईच्या नमुन्यात तो बहुधा सहज ओळखता येतो, कारण त्याच्या पेशींत रंग धरणारे कण असतात. निदान झाल्यावर जवळच्या लसिकाग्रंथीतूनही नमुना घ्यावा. गरजेनुसार पोटाची सोनोग्राफी करून यकृत आणि प्लीहा पाहतात. कमी प्रतीचा, म्हणजे सौम्य वर्तनाचा ट्यूमर पुरेशा कडेसह काढला, तर पुष्कळ कुत्र्यांना पुढे आणखी उपचार लागत नाहीत.

स्तनांच्या गाठी नसबंदी न झालेल्या माद्यांत फार आढळतात आणि त्यांतल्या साधारण निम्म्या कर्करोगाच्या असतात. इथे सुईचा नमुना साधी गाठ की कर्करोग हे नेहमीच खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून छातीचा एक्स-रे काढून शस्त्रक्रिया करतात आणि काढलेली गाठ तपासतात. ‘दोन-तीन मिलिमीटरचीच तर आहे, मोठी झाली की काढू’ असे म्हणून थांबणे सर्वांत तोट्याचे, कारण लहान असताना काढलेल्या गाठीचा परिणाम अधिक चांगला असतो. पहिल्या एक-दोन माजांच्या आत नसबंदी केलेल्या मादीत हा धोका बराच कमी राहतो, असे दीर्घकाळ मानले गेले आहे. नसबंदी कोणत्या वयात करावी, याबाबत जातीनुसार पशुवैद्यांचा सल्ला वेगळा असू शकतो.

टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर) हा मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांशी संबंध आल्याने होणारा कर्करोग आपल्याकडे नवा नाही. जननेंद्रियावर, क्वचित नाकात किंवा तोंडात, लाल आणि सहज रक्त येणारा फुलकोबीसारखा गोळा वाढतो. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात निर्माण झालेल्या पेशी समागमातून व चाटण्या-हुंगण्यातून आजही एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात आहेत, इतका हा विलक्षण रोग आहे. नाव ऐकून खचू नये. व्हिंक्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधाची आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा इंजेक्शने दिल्यावर बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. उपचार मध्येच सोडू नये. इंजेक्शननंतर काही दिवस कुत्र्याचे मलमूत्र हातमोजे घालूनच उचलावे.

लिम्फोमामध्ये जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे टणक, न दुखणाऱ्या गाठी वाढतात. अशाच ग्रंथी गोचीडतापातही सुजतात आणि महाराष्ट्रात गोचीडताप सर्रास आहे, त्यामुळे रक्ततपासणी आणि सुईचा नमुना या दोन्ही गोष्टी लागतात. नमुना शक्यतो खांद्यापुढच्या किंवा गुडघ्यामागच्या ग्रंथीतून घ्यावा. जबड्याखालची ग्रंथी खराब दातांमुळेही सुजलेली असते. लिम्फोमाला शस्त्रक्रिया नव्हे, केमोथेरपी लागते. ती रोग मुळापासून घालवण्यापेक्षा चांगले महिने मिळवून देण्यासाठी असते आणि कुत्र्यांना ती माणसांपेक्षा पुष्कळ सोसते.

नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नराच्या गुदद्वाराभोवती येणाऱ्या गाठी बहुधा साध्या असतात आणि नसबंदीनंतर आक्रसतात. मात्र गुदद्वाराच्या आतल्या बाजूला, चार किंवा आठ वाजण्याच्या जागी टणक गाठ लागली, तर ती गंभीर असू शकते. तेव्हा रक्तातले कॅल्शियमही तपासून घ्यावे.

८. शस्त्रक्रिया ठरली तर

शस्त्रक्रियेआधी रक्तातील पेशींची गणना, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्यात. गोचीडतापात रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी झालेल्या असतात आणि बाहेरून कुत्रा ठणठणीत दिसू शकतो, म्हणून ही तपासणी टाळू नये. म्हाताऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या कुत्र्यासाठी आणखी तपासण्या सुचवल्या जातील. आदल्या रात्रीपासून खाणे कधी बंद करायचे आणि पाणी कधीपर्यंत द्यायचे, हे लिहून घ्यावे. घरातल्या आजींना आणि मुलांनाही ते सांगून ठेवावे, नाहीतर सकाळी प्रेमाने दिलेल्या एका बिस्किटापायी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते.

डॉक्टरांना विचारायचा मुख्य प्रश्न म्हणजे, ‘कडेने किती निरोगी भाग काढणार आहात?’ कर्करोगाची गाठ नुसती सोलून काढली तर मागे पेशी राहतात. मास्ट सेलसाठी साधारण दोन ते तीन सेंटीमीटर कड आणि खालचा एक थर काढण्याचा प्रघात आहे. लहान आणि सौम्य गाठीसाठी कड कमी ठेवली जाते. त्यामुळे शेंगदाण्याएवढ्या गाठीसाठी हातभर टाके दिसले तरी घाबरू नये. याच कारणासाठी निदान आधी हवे. गाठ कशाची हे माहीत नसताना लहान छेद घेतला आणि नंतर ती कर्करोगाची निघाली, तर दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा मोठी आणि अवघड होते.

काढलेली संपूर्ण गाठ फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) घालून हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे गाठीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, पाठवायची आहे, हे शस्त्रक्रियेच्या आधीच लेखी सांगावे. फॉर्मालिन गाठीच्या साधारण दहापट असावे लागते, औषधाच्या छोट्या बाटलीत कोंबलेली गाठ आतून कुजते. गाठ ‘पाहून’ टाकून देण्याचा प्रकार अजूनही घडतो. एकदा टाकलेली गाठ परत तपासता येत नाही.

९. घरी आणल्यावर

पहिले चोवीस तास कुत्रा पेंगुळलेला राहतो. त्याला जिन्यापासून आणि पलंगावर उडी मारण्यापासून दूर ठेवावे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा थोडे थोडे खायला द्यावे. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, काढू नये. तो बिचारा दारांना आपटतो, पाण्याच्या भांड्यात कोन बुडवतो, आपल्याकडे केविलवाणे पाहतो, आणि घरातले कोणीतरी ‘पाच मिनिटेच काढतो’ म्हणते. टाके उसवायला पाच मिनिटे पुरेशी असतात. जेवताना काढायचा असेल तर शेजारी बसून राहावे.

जखमेला पाणी लागू देऊ नये. तिच्यावर डेटॉल वगैरे ओतू नये. रोज एक फोटो काढावा. कडेला थोडी सूज आणि निळेपणा चालतो. दुर्गंधी, पू, उघडलेले टाके, ताप किंवा खाणे सोडणे चालत नाही, त्या वेळी लगेच कळवावे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात माश्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

१०. अहवाल हाती आल्यावर

हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल यायला एक ते दोन आठवडे लागू शकतात. तो आल्यावर व्हॉट्सॲपवर ‘सगळे ठीक’ एवढा निरोप पुरेसा मानू नये, अहवालाची प्रत मागून घ्यावी. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. गाठीचे नाव काय, तिची प्रत किंवा श्रेणी काय, आणि कापलेल्या कडांपर्यंत पेशी पोहोचल्या आहेत का. मास्ट सेलसाठी दोन पद्धतींनी श्रेणी दिली जाते : जुनी तीन पायऱ्यांची आणि २०११ मध्ये आलेली ‘कमी’ किंवा ‘जास्त’ अशी दोन पायऱ्यांची. दोन्ही दिलेल्या असतील तर गोंधळू नये, डॉक्टरांना दोहोंचा मिळून अर्थ विचारावा.

कडा स्वच्छ असतील आणि श्रेणी कमी असेल तर पुढे फक्त तपासण्या राहतात. कडेपर्यंत पेशी असतील तर पुन्हा शस्त्रक्रिया, औषधोपचार किंवा लक्ष ठेवून थांबणे, असे पर्याय असतात. कोणता निवडावा हे कुत्र्याचे वय, गाठीची जागा आणि तुमची ऐपत यांवरही ठरते. ऐपतीविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्यात कमीपणा नाही. मोठा उपचार शक्य नसेल तर वेदना कमी ठेवून चांगले दिवस काढण्याचाही आराखडा करता येतो आणि तोसुद्धा उपचारच आहे.

दुसरे मत घ्यायचे असल्यास प्रयोगशाळेकडून स्लाइड किंवा मेणात जपून ठेवलेले गाठीचे ठोकळे मागता येतात. नव्याने काही कापावे लागत नाही.

पुढच्या तपासणीची तारीख अहवालाच्या प्रतीवरच लिहून ठेवावी आणि ती प्रत लसीकरण पुस्तिकेत खोचावी. महिन्यातून एकदा, अंघोळीच्या दिवशी, डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवून जुन्या गाठी मोजाव्यात. ओठांच्या आतली बाजू, काखा, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा विसरू नये. आकृतीत नसलेली गाठ सापडली तर तिला नवा क्रमांक द्यावा आणि तिच्यासाठी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.